चोथ्याने उकाडा कमी होतो का?

उन्हाळा तोंडावर आला की शेतीविषयक लेखांत एक उपाय हमखास वाचायला मिळतो. संत्र्याची साल, द्राक्षाचा चोथा किंवा डाळिंबाचे टरफल वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात मिसळा. कचऱ्याचा प्रश्न सुटेल, खाद्य स्वस्त होईल आणि कोंबड्यांना उन्हाचा त्रासही होणार नाही. ही कल्पना निराधार नाही, तिच्यामागे संशोधन आहे. पण ती ज्या रीतीने मांडली जाते ती तपासून पाहायला हवी. कारण केवळ तिच्यावर विसंबणाऱ्याच्या शेडमधील पक्षी एका कडक दुपारी दगावू शकतात.

आधी कोंबडीच्या शरीरात काय घडते ते पाहू. तिच्या शरीराचे तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असते. तिला घामाच्या ग्रंथी नसतात. हवा तापली की ती पंख शरीरापासून दूर धरते, खाणे कमी करते आणि चोच उघडी ठेवून धापा टाकते. श्वसनमार्गातील पाण्याचे बाष्पीभवन होऊन उष्णता बाहेर जाते. पण त्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइडही प्रमाणाबाहेर जातो. रक्ताची आम्लता घटते, त्यातील बायकार्बोनेट कमी होते. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. ते पातळ होऊ लागते. शिवाय पेशींमध्ये ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढून पेशीपटलातील मेदाची हानी करतात.

फळांच्या सालींतील पॉलिफिनॉल ही द्रव्ये प्रामुख्याने या शेवटच्या हानीला आवर घालू शकतात. शेडमधील हवा त्यांनी थंड होत नाही. म्हणजे उष्णता कमी होणे वेगळे आणि उष्णतेने होणारी हानी कमी होणे वेगळे. ‘उष्णतेचा ताण कमी होतो’ या एका वाक्यात हे दोन्ही अर्थ मिसळतात आणि वाचक साहजिकच पहिला अर्थ घेतो.

दुसरी गफलत पुराव्याची. द्राक्षाच्या चोथ्याचेच उदाहरण घेऊ. माद्रिदच्या ब्रेनेस आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ब्रॉयलर कोंबड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दर किलो खाद्यात 15, 30 व 60 ग्रॅम चोथ्याचे संहत द्रव्य मिसळले होते. तुलनेसाठी एका गटाला साधे खाद्य, तर एका गटाला ई जीवनसत्त्व दिले होते. वाढीत फरक पडला नाही. मांसातील मेदाचे ऑक्सिडीभवन मात्र रोखले गेले. प्रयोगाची आखणी चांगली होती, पण तो मांसाच्या टिकाऊपणाविषयी होता. त्यावरून कोंबड्या मे महिन्यातील ऊन सोसतील असे म्हणता येत नाही. त्यासाठी उष्ण हवेत, साध्या खाद्यावरील गट शेजारी ठेवून, मरतुक आणि वजन मोजावे लागते.

तिसरी गफलत क जीवनसत्त्वाची. ‘संत्र्यात क जीवनसत्त्व असते, म्हणून साल उपयोगी’ हे विधान पटकन पटते. पण कोंबडी हे जीवनसत्त्व आपल्या मूत्रपिंडात स्वतः तयार करते. तीव्र उन्हाळ्यात ते अपुरे पडू शकते, म्हणून वरून देण्याला अर्थ आहे. मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने व हवेने सहज नष्ट होते. उन्हात वाळवलेल्या सालीत ते कितीसे उरणार? सालीचा गुण दिसलाच, तर त्याचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

आणखी एक शक्यता क्वचितच मांडली जाते. अन्न पचवतानाही शरीरात उष्णता निर्माण होते. चोथा नावडल्याने कोंबडी कमी खाऊ लागली तर ती कमी तापेल, पण वाढेलही कमी. म्हणून तापमानाबरोबर खाद्याचे व वजनाचे आकडे दिलेले नसतील, तर निष्कर्ष अपुरा समजावा.

खर्चाचा हिशेबही धरायला हवा. ओला चोथा लवकर बुरसटतो आणि काही बुरश्या विषारी असतात, म्हणून तो तातडीने वाळवणे भाग असते. त्यातील तंतू कोंबडीला फारसे पचत नाहीत, तर टॅनिन प्रथिनांच्या पचनात अडथळा आणते. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात चोथा उन्हाळ्याच्या तोंडावरच मिळतो. तेथे मोजक्या प्रमाणात प्रयोग जरूर व्हावेत. पण खेळती हवा, गार पाणी, विरळ पक्षी, छपरावर पाण्याचा शिडकावा आणि दुपारी खाद्य बंद ठेवणे हे उपाय आधी, चोथा त्यांच्यानंतर.

शिक्षकांना यातून एक चांगला तास घेता येईल. सालीचे समान वजनाचे दोन भाग करावेत. एक ताजा वापरावा, दुसरा चार दिवस उन्हात वाळवावा. दोन्ही भाग समान पाण्यात कुटून गाळावेत. गाळलेल्या पाण्यात थोडी स्टार्चची पेज घालून, निळा रंग टिकेपर्यंत आयोडीनच्या विरल द्रावणाचे थेंब मोजावेत. सालीतील इतर द्रव्येही आयोडीन वापरतात, त्यामुळे हे मापन ढोबळ आहे, हेही मुलांना सांगावे. मग वर्तमानपत्रातील एखादी बातमी वाचून तीन प्रश्न विचारावेत: तुलना कोणाशी केली? मोजले काय? आणि जे मोजले त्यावरूनच निष्कर्ष काढला आहे का? हे प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली, तर ती कोंबडी-खाद्यापुरती राहणार नाही.