चौतीस बिंदूंची कसोटी

जाळ्यातील गट शोधण्याची नवी पद्धत निघाली, की ती बहुधा प्रथम एका कराटे क्लबवर घासून पाहिली जाते. हा क्लब अमेरिकेतील एका विद्यापीठातला. १९७० ते १९७२ या काळात वेन झॅकरी यांनी त्याचे निरीक्षण केले. शिकवणीच्या शुल्कावरून प्रशिक्षक व अध्यक्ष यांच्यात वाद झाला आणि क्लब फुटला. ३४ सभासद म्हणजे ३४ बिंदू आणि क्लबबाहेरही ज्यांचे येणेजाणे होते त्यांना जोडणाऱ्या ७८ रेषा, अशी ही आकृती. कोण कोणाकडे जाईल हे झॅकरी यांनी तीवरून काढून दाखवले (१९७७). फक्त एक सभासद चुकला.

यश लहान नाही. पण त्याचा अर्थ लावताना घाई होते. गट दोनच आणि त्यांचे प्रमुख कोण, हे झॅकरी यांनी आधीच धरले होते. त्या दोघांच्या मधोमध जाळे सर्वांत कमकुवत कोठे आहे, एवढेच शोधायचे उरले होते. २००२ मध्ये गर्व्हन आणि न्यूमन यांनी प्रमुख कोण हे न सांगता, सर्वाधिक लघुतम मार्ग ज्यांवरून जातात अशा रेषा एकेक करून काढल्या. त्यांचाही एकच सभासद चुकला. पण तो दुसराच! पुढे ‘मॉड्युलॅरिटी’ हे माप आले. रेषा यदृच्छेने जोडल्या असत्या तर गटांच्या आत जेवढ्या पडल्या असत्या, त्याहून प्रत्यक्षात किती जास्त आहेत, हे ते सांगते. हे माप कमाल केले तर क्लबचे दोन नव्हे, चार गट पडतात.

मग चार हे उत्तर चूक का? आकृतीपुरते ते चूक नाही. क्लब कसा फुटला, हा प्रश्नच वेगळा आहे. झॅकरींचा चुकलेला सभासद पाहा. त्याचा कल किंचित अध्यक्षांकडे होता. परंतु ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. अध्यक्षांच्या नव्या क्लबात कराटेची शैली बदलणार होती. तेथे चार वर्षांची मेहनत सोडून पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून आरंभ करावा लागला असता. तो प्रशिक्षकांकडेच राहिला. हे कारण ७८ पैकी एकाही रेषेत नव्हते.

वर्गात कोण कोणाला वही मागतो याची आकृती मुलांकडून जरूर काढून घ्यावी. गट दिसतील. मात्र त्यावरून एखाद्या मुलावर शिक्का मारण्यापूर्वी त्या मुलालाच विचारावे.