थप्पड एकाची, बक्षीस दुसऱ्याला

एका थपडेबद्दल लिहितोय. ‘इन द हीट ऑफ द नाइट’ या १९६७ सालच्या अमेरिकन पिक्चरमधली थप्पड. ज्याने पाहिला नसेल त्याने पाहावा. पाहिला असेल त्याने माझ्याशी भांडावं.

गोष्ट मिसिसिपीतल्या स्पार्टा नावाच्या गावची. रात्री एका गोऱ्या कारखानदाराचा खून पडतो. स्टेशनात एक काळा माणूस गाडीची वाट बघत बसलाय. अंगात सूट, पाकिटात पैसे. काळ्याच्या पाकिटात पैसे? मग खुनी हाच. उचला साल्याला! चौकीवर कळतं, हा व्हर्जिल टिब्ज. फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी, खुनाच्या तपासात वाकबगार. आता ज्यांनी धरला त्यांनाच त्याची अक्कल हवी. अक्कल हवी, पण मान द्यायला जीभ वळत नाही. टिब्ज ठणकावून सांगतो, आमच्याकडे मला मिस्टर म्हणतात.

तपास करत तो एंडिकॉट नावाच्या जमीनदाराकडे जातो. बाहेर शेतात काळी माणसं कापूस वेचताहेत. आत काचेच्या घरात मालक आर्किडची फुलं जोपासतोय. टिब्ज प्रश्न विचारतो. काळा माणूस आपल्याला जाब विचारतो म्हणजे काय? मालक त्याच्या मुस्काटात मारतो. आणि टिब्ज तिथल्या तिथं, श्वास घ्यायच्या आत, उलट मारतो. बाजूला ट्रे घेऊन उभा असलेला काळा नोकर हे सगळं बघतोय. गावचा गोरा पोलीसप्रमुख गिलेस्पी नुसता उभा. काय करावं त्याला कळत नाही.

ही थप्पड सिडनी पॉयटिएची. तिची किंमत त्याला ठाऊक होती. १९६४ मध्ये तो आणि हॅरी बेलाफोन्टे चळवळीतल्या पोरांसाठी पैसे घेऊन मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला गेले होते, तेव्हा क्लॅनवाल्यांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला होता. म्हणून दक्षिणेत शूटिंग करायला तो राजी नव्हता. बहुतेक पिक्चर उत्तरेत, इलिनॉयमध्ये काढला.

आता बक्षिसाचं बघू. ऑस्करचा सोहळा ८ एप्रिल १९६८ ला ठरला होता. ४ तारखेला मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घातली. पॉयटिए, लुई आर्मस्ट्राँग वगैरे काळ्या कलावंतांनी कळवलं, अंत्ययात्रेआधी आम्ही येणार नाही. सोहळा दोन दिवस पुढं गेला. १० तारखेला सर्वोत्कृष्ट पिक्चर ठरला हाच. सर्वोत्कृष्ट नट कोण? रॉड स्टायगर, म्हणजे गिलेस्पी झालेला गोरा नट. पॉयटिए पाच नामांकनांतसुद्धा नाही! त्या एका वर्षात त्याचे तीन गाजलेले पिक्चर लागले होते.

कोणी म्हणेल, स्टायगरचं काम काय वाईट होतं? मुळीच नाही. च्युइंगगम चघळत, आतल्या आत चरफडत त्याने गिलेस्पी जिवंत केला. बक्षीस घेताना पॉयटिएचे आभारही मानले. माणूस म्हणून त्याच्याशी भांडण नाही. कोणी म्हणेल, तीन पिक्चरमुळे मतं फुटली. फुटली असतील. पण मग पुढं काय झालं? १९९० मध्ये स्पाइक लीच्या ‘डू द राइट थिंग’ला अभिनयाचं एकच नामांकन, काळ्या वस्तीतला गोरा पिझ्झावाला झालेल्या डॅनी आयेलोला. २०१६ मध्ये ‘क्रीड’चा नायक मायकल बी. जॉर्डन, नामांकन सिल्व्हेस्टर स्टॅलोनला. त्याच वर्षी ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ हा काळ्या पोरांच्या गाण्याचा पिक्चर. नामांकन फक्त गोऱ्या लेखकांना. २०१५ आणि २०१६, दोन्ही वर्षी अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोरी. सगळीकडं मतंच फुटली काय?

माझं म्हणणं असं आहे. शेवटी गिलेस्पी टिब्जची बॅग उचलून त्याला गाडीपर्यंत पोचवतो. गोऱ्याचं मन पालटलं! बक्षीस त्या पालटलेल्या मनाला. ज्याने मार खाल्ला, उलट मारलं आणि ते मन पालटायला लावलं, तो हिशेबातच नाही.

आणि काळ्याला बक्षीस मिळतं ते कशाला? हॅटी मॅकडॅनियलला १९४० मध्ये मिळालं, गोऱ्या मालकिणीची दाई झाली म्हणून. त्या रात्रीही तिचं टेबल बाकीच्या नटांपासून वेगळं, भिंतीकडेला. खुद्द पॉयटिएला १९६४ मध्ये मिळालं होतं, ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी. त्यात तो गोऱ्या नन्सना प्रार्थनाघर बांधून देतो, मजुरी न घेता. फुकट राबणारा टिब्जआधी चार वर्षं चालला. उलट हात उचलणारा चालला नाही. डेन्झेल वॉशिंग्टन ‘माल्कम एक्स’ झाला तेव्हा नामांकनावर भागवलं. सर्वोत्कृष्ट नट ठरला २००२ मध्ये, भ्रष्ट पोलीस झाल्यावर.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच काळ्या पँथरचं नाव घेऊन. म्हणून हा हिशेब आपल्याला परका नाही. पिक्चर बघाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. मार कोण खातो? मन कोणाचं पालटतं? आणि शेवटी स्टेजवर नाव कोणाचं पुकारतात? पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर एकच येईल तेव्हा टाळ्या वाजवू. तोवर हात मोकळे राहू देत.