‘रक्तशोषणास मदत करते’ हे कुणी दाखवलं? सॅल्प-१५ वाचताना

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलात की एक वाक्य सहज लिहिलं जातं: “हे प्रथिन रक्तशोषणास मदत करते.” माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही ते होतं. गाइडनी त्याखाली रेघ मारून विचारलं, “कुठल्या प्रयोगावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एक गाजलेला पेपर सोबत वाचू.

आधी पार्श्वभूमी. डास रक्त पिऊन लगेच उडतो. इक्सोडिस गोचीड मात्र कित्येक दिवस त्वचेला चिकटून राहते. तेवढा वेळ रक्त गोठायला नको, खाज सुटायला नको, प्रतिकारशक्ती जागी व्हायला नको. म्हणून तिच्या लाळग्रंथी शेकडो प्रकारची प्रथिनं स्रवतात. सॅल्प-१५ हे अमेरिकेतल्या इक्सोडिस स्कॅप्युलॅरिसचं प्रथिन. ते सीडी४ टी पेशींना सक्रिय होऊ देत नाही, हे २००२ मध्ये ‘इम्युनिटी’त प्रसिद्ध झालं.

आपला पेपर २००५ चा, ‘नेचर’मधला. लाइम रोगाचा जंतू बोरेलिया बर्गडॉर्फेरी हे प्रथिन चक्क अंगावर पांघरतो. ते त्याच्या ओएसपीसी या बाह्य प्रथिनाला चिकटतं. पांघरूण असलेला जंतू परीक्षानळीत प्रतिपिंडांपासून वाचतो आणि उंदराला टोचल्यावर जास्त जोमाने वाढतो. शेवटी आरएनए इंटरफेरन्सने गोचिडीतच सॅल्प-१५ कमी केलं, तेव्हा तिच्याकडून उंदरांना होणारा संसर्ग खूपच घटला.

पेपरची ताकद या शेवटच्या पायरीत आहे. शुद्ध केलेलं प्रथिन नळीत काहीतरी करतं, एवढ्यावर थांबणारे पेपर पुष्कळ आहेत. इथे प्रश्न पुन्हा जिवंत गोचिडीकडे नेला आहे. हे शिकण्यासारखं.

पण हा पुरावा कशाचा? जंतूच्या संक्रमणाचा. फायदा जंतूला झाला. गोचिडीला रक्त पिताना काय मिळालं, हा प्रश्न वेगळा. तो सोडवायचा तर गोचिडीने किती रक्त प्यायलं, किती दिवस चिकटून राहिली, अंडी किती घातली, हे मोजावं लागेल. आणि यजमान कोणता, हेही बघावं लागेल. या गोचिडी उंदरावर पुन्हा पुन्हा नीट जेवतात. गिनीपिग मात्र एकदा चावून घेतल्यावर पुढच्या खेपेला त्यांना झिडकारतो. जिथे विरोधच फारसा होत नाही, तिथे विरोध दाबणाऱ्या प्रथिनाची गरज कशी दिसणार?

आणखी एक मेख. याच गोचिडीत सॅल्प-१५ ची भावंडं आहेत. एकाला गप्प केल्यावर काहीच बदललं नाही, तर ते निरुपयोगी की भावंडांनी काम सांभाळलं? उलट परिणाम दिसला, तर एकच गप्प झालं होतं की सगळी?

म्हणून प्रस्तावात लिहिताना क्रियापद जपून वापरा. ‘सीडी४ टी पेशींची सक्रियता रोखते’ हे दाखवलेलं आहे. ‘रक्तशोषणास मदत करते’ ही आपली परिकल्पना आहे. परिकल्पना असणं वाईट नाही. तुमची पीएचडी कदाचित याच दोन वाक्यांमधल्या अंतरावर उभी राहील. फक्त ते अंतर आधी तुम्हाला दिसलं पाहिजे, व्हायवात परीक्षकांना नव्हे.