किश्श्यातला कर्ता

रॉक संगीताच्या इतिहासातले जे किस्से प्रश्नमंजूषांपासून चरित्रांपर्यंत सतत फिरत असतात, त्यांत टोनी आयोमीच्या बोटांचा किस्सा फार लाडका आहे. साल १९६५. बर्मिंगहॅममधला १७ वर्षांचा मुलगा, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेस मशीनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके जातात. मुलगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका हाच. तो प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे करतो, त्यांवर चामडे चिकटवतो, हलक्या तारा लावतो, पुढे त्या सैल करतो. आणि सैल तारांतून हेवी मेटल जन्माला येते.

किस्सा देखणा आहे, पण त्याचा कार्यकारणभाव तपासायला हवा. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. त्यातल्या पहिल्याच गाण्याचा काळाकुट्ट, जड आवाज तारा नेहमीच्या सुरात ठेवूनच काढलेला आहे. तारा तीन अर्धस्वरांनी उतरवलेल्या ऐकू येतात त्या १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत. जडपणा त्याआधीच आला होता. तो संथ लयीतून आला, आणि आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अस्वस्थ अंतरातून आला. (या अंतरावर मध्ययुगीन चर्चने बंदी घातली होती, हा आणखी एक लाडका किस्सा. तशा बंदीला पुरावा नाही.) दुखावलेल्या बोटांनी आयोमीची वादनशैली घडवली, हे खरेच. पण शैली घडवणे आणि एक संगीतप्रकार जन्माला घालणे यांत अंतर आहे.

भाषांतरकार म्हणून मला या किश्श्याच्या व्याकरणात अधिक रस आहे. इंग्रजीत आयोमीने बोटांची टोके ‘गमावली’ असे म्हणतात. छत्री गमवावी तशी. मराठीत आपण ‘बोटे गेली’ किंवा ‘तुटली’ म्हणतो. ‘तुटणे’ या क्रियापदाला तोडणारा लागत नाही. ‘तोडली’ म्हटले की लगेच प्रश्न येतो, कुणी? आयोमीच्या ‘आयर्न मॅन’ या २०११च्या आत्मचरित्रात उत्तराचा धागा आहे. तो वेल्डिंगचे काम करायचा. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नाही, म्हणून त्याला तिथे उभे केले गेले. हा तपशील लोकप्रिय किश्श्यातून हमखास गळतो. उरतो तो कारखान्यातला सहृदय वरिष्ठ, जो नंतर जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून देतो. आगीत दोन बोटे निकामी होऊनही जँगो थोर गिटारवादक झाला, हे आयोमीला तिच्यातून कळते. उमेद देणारा लक्षात राहतो. अनोळखी कामावर नेमणारा विसरला जातो.

बँडच्या नावाचा किस्साही असाच. ते १९६३च्या, मारिओ बावाच्या चित्रपटावरून आले, एवढे सगळे सांगतात. पण मूळ इटालियन नावाचा अर्थ ‘भीतीचे तीन चेहरे’ असा होता. ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव अमेरिकन वितरकांनी दिलेले. या किश्श्यातही कर्ता गाळलेला आहे.

पण नावाच्या बाबतीत निसटते ते श्रेय, आणि बोटांच्या बाबतीत निसटते ती जबाबदारी. ‘जे झाले ते भल्यासाठीच’ हे सांत्वन त्या मुलाने स्वतःला दिले, तर तो त्याचा हक्क. आपण ते उचलले, की पत्र्याच्या कारखान्यातला अपघात हा कलेला मिळालेला प्रसाद ठरतो. बोटे गेली आणि पुढे काहीच घडले नाही, अशा कामगारांचा किस्सा होत नाही. आयोमीचा होतो, कारण तो वाजवत राहिला. ५ जुलै २०२५ रोजी, ज्या अ‍ॅस्टनमधून हा बँड निघाला तिथल्याच व्हिला पार्कमध्ये, बँडच्या अखेरच्या कार्यक्रमातही.

तेव्हा किस्सा जरूर सांगावा. फक्त त्यात प्रेस मशीनवरचा तो गैरहजर माणूस, आणि त्याच्या जागी पोराला उभे करणारा, या दोघांनाही जागा द्यावी. गाणे त्याने कमी जड होणार नाही.