सोळा राष्ट्रांचें इशारापत्र : एका छापील दप्तराचें परीक्षण

अमेरिकेच्या परराष्ट्रखात्यानें आपल्या पत्रव्यवहारमालेंतील कोरियाविषयक पंधरावा खंड (१९५२–५४) दोन भागांत १९८४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील एकाच कागदाची परीक्षा येथें करावयाची आहे. कोरियांत फौजा पाठविणाऱ्या सोळा राष्ट्रांनीं, पुन्हां आक्रमण झाल्यास आपण एकजुटीनें व त्वरेनें प्रतिकार करूं, असें ज्यांत बजाविलें तें हें संयुक्त पत्र होय.

पत्रावर तारीख २७ जुलै १९५३. त्याच दिवशीं पानमुनजोम येथें युद्धतहकुबीवर सह्या झाल्या. पण पत्र जगासमोर आलें ७ ऑगस्टला, आणि तेंही संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतिकचेरीनें सुरक्षा मंडळास पाठविलेल्या अहवालाच्या पोटांत. शत्रूस धाक घालावयाचा कागद अकरा दिवस झांकून ठेवावा, हें विलक्षणच ! आमच्या मतें या पत्राचें खरें मर्म या अकरा दिवसांत आहे. सही करणारे सर्व होते. मोठ्यानें वाचून दाखविण्याची हौस मात्र सर्वांस सारखी नव्हती. इंग्रज विशेष कचरत होते. १८ जून रोजीं सिंगमन ऱ्ही यांनीं सुमारें २७,००० युद्धकैदी परस्पर सोडून दिले होते व तहनाम्यावर दक्षिण कोरियाची सही नव्हती. तह मोडणारा उत्तरेकडचाच असेल, याची हमी कोण देणार ?

मजकूरही तसाच सांभाळून लिहिलेला आहे. तह मोडल्यास युद्ध कोरियाच्या सीमेंत आवरून धरणें ‘बहुतेक करून’ शक्य होणार नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. चीनचें नांव कोठेंही नाहीं. ‘बहुतेक करून’ हे दोन शब्द काढा, म्हणजे प्रतिज्ञा उरते. ठेवा, म्हणजे केवळ अनुमान. तहामुळें आशियांत अन्यत्र शांततेस बाध येऊं नये, हें शेवटचें वाक्य मात्र हिंदी-चीनकडे बोट दाखवितें. तेथें त्या वेळीं फ्रेंच लढत होते.

संपादनाविषयीं दोन तक्रारी आहेत. तहानंतर उत्तरेंत विमानतळ बांधले जातात कीं नाहीं यावर पुरेशी देखरेख मिळेना, म्हणून तिच्या जागीं असा इशारा असावा, हा विचार १९५१ च्या अखेरीस निघाला. त्याचे कागद सातव्या खंडांत (१९५१) आहेत, आणि येथेंही निव्वळ तारीखवार मांडणीमुळें या प्रकरणाचे धागे शेंकडों पृष्ठांत विखुरले आहेत. दुसरी तक्रार अधिक गंभीर. इतर पंधरा राष्ट्रांचें म्हणणें बहुतांशीं अमेरिकन अधिकाऱ्यांनीं टिपून ठेविलें तेवढेंच दिसतें. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारावरूनच पेशवे-दरबाराचा इतिहास लिहावा, त्यांतलाच हा प्रकार. लंडन व ओटावा येथील त्या काळचीं दप्तरें आतां अभ्यासकांस खुलीं आहेत. त्यांतील मसुदे या खंडाशीं ताडून पाहिल्यावांचून पत्रांतील कोणता शब्द कोणाचा, हें ठरवूं नये.