जुन्या वृत्तांतांतील ‘बंड’

१८५७ च्या घडामोडींना त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांनी ‘बंड’ म्हटले, एवढ्यावरून त्यांच्या संपादकांना इंग्रजधार्जिणे ठरविण्याची आपल्याकडे रूढी आहे. जुने उतारे पुन्हा छापताना ‘बंड’ खोडून तेथे ‘उठाव’ घालणारेही आढळतात. हेतू चांगला असेल. पण ही दुरुस्ती मला मान्य नाही.

‘बंड’ हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ ते आपणच, असे सांगणाऱ्या इसमाने १७७६ मध्ये कोकणात किल्ले घेतले, ते प्रकरण ‘तोतयाचे बंड’ म्हणूनच मराठीत राहिले. न. चिं. केळकरांच्या नाटकाचे नावही तेच. तेथे सरकार पेशव्यांचे होते. अंमल ज्याचा, त्याच्याविरुद्ध हत्यार उचलणे म्हणजे बंड. कारण न्याय्य होते की अन्याय्य, हे तो शब्द सांगतच नाही. दप्तरातले शब्द असेच असतात. शासकीय टिपणे लिहिण्यात उभी हयात गेल्यामुळे ही गोष्ट मला चांगली परिचयाची आहे. पुढे सरकार बदलले, शब्द राहिला. वैनगंगेकाठच्या आपल्या मुलखात नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि ‘सरकार’ या शब्दाचा धनी बदलला. त्यानंतर तीनच वर्षांनी १८५७ उजाडले.

त्याच वर्षी जूनमध्ये छापखान्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. तेव्हा संपादकाला शब्द निवडण्याची मोकळीक ती कितीशी होती? परंतु केवळ भय हेही पुरते उत्तर नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात प्रत्यक्ष सापडले होते आणि राणीविषयीचा त्यांचा आदर त्यांच्या लेखनात लपत नाही. तरीही १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १८५७ च्या ‘बंडाची हकीकत’ म्हणूनच वाचकांपुढे आला. (संपादन चिं. वि. वैद्यांचे, हे ध्यानात ठेवावे.) वासुदेव बळवंत फडक्यांचे १८७९ चे ‘बंड’ तर त्यांचा गौरव करणारेही त्याच नावाने सांगतात.

सावरकरांच्या १९०९ च्या ग्रंथाने ‘स्वातंत्र्यसमर’ हा शब्द रुजविला, आणि मग मागचा ‘बंड’ खुपू लागला. साहित्यात मात्र त्याचे भाग्य उजळले. केशवसुतांना ‘बंडखोर कवी’ म्हणणे ही स्तुतीच. निवडणुकीच्या बातम्यांत तिकीट हुकलेला अपक्ष उमेदवार ‘बंडखोर’ ठरतो; म्हणजे येथे सरकारच्या जागी पक्ष येऊन बसला. आपल्याकडची हिंदी पत्रे त्यालाच ‘बागी’ म्हणतात. चंबळच्या खोऱ्यातले दरोडेखोरही स्वतःला अभिमानाने ‘बागी’ म्हणवीत. ‘बंडखोर’ शब्दाला तो ताठा नाही. भांडखोर आणि लाचखोर ही त्याची भावंडे आहेत ना!

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी ती ‘शिंदे यांचे बंड’ म्हणून छापली. त्या गटाच्या नेत्यांनी मात्र, आम्ही बंड नव्हे, उठाव केला, असे ठासून सांगितले. जुन्या उताऱ्यांत ज्या दोन शब्दांची अदलाबदल कोणी सहज करून टाकतो, त्यांच्यातले अंतर त्या नेत्यांना पुरते ठाऊक होते.