चोवीस तुकड्यांचा मकबरा

गेल्या वर्षी एका रविवारी मी लेगोच्या चोवीस तुकड्यांचा ताजमहाल केला. तळाला आठ बाय आठ बटणांची पांढरी प्लेट, त्यावर दोन बाय चारच्या चार विटा एकमेकींना आडव्या रचून केलेली मुख्य इमारत, वर एक गोल वीट, तिच्यावर घुमट आणि घुमटावर टोक. उरलेल्या सोळा तुकड्यांत चार कोपऱ्यांचे चार मिनार. दुसऱ्या दिवशी औरंगाबादचा मामा आला, टेबलाकडे बघून म्हणाला, "वा, मकबरा झकास जमलाय रे."

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मामाचं चुकलं कुठे, ते मला सांगता येईना. बीबी का मकबऱ्यालाही चौथरा आहे, मध्ये घुमट आहे, चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर चार मिनार आहेत. चोवीस तुकड्यांत या दोन इमारती एकच आहेत. आपण आयुष्यभर ज्याला 'नक्कल' म्हणून नाक मुरडतो, तिच्यात आणि मुळात फरक नेमका कशाचा आहे, हा प्रश्न मला माझ्याच खेळण्याने विचारला.

उत्तर प्रमाणात आहे. मकबऱ्यात मधली वास्तू आक्रसलेली वाटते आणि मिनार त्या मानाने उंच, अंगावर आल्यासारखे दिसतात. मी आठ बाय आठची प्लेट काढून सहा बाय सहाची लावली. बाकी सगळं तेच. मिनार एका बटणाने, म्हणजे आठ मिलिमीटरने, आत सरकले आणि ताजमहालातली सगळी हवा निघून गेली. मग भर घालून मधला घुमट काढला, त्या जागी चार बाय चारचा अख्खा अर्धगोल बसवला, मिनारांतून एकेक तुकडा कमी केला. विजापूरचा गोलघुमट तयार. रंग तेवढा चुकीचा. शाळेच्या सहलीत आम्हाला या इमारतींबद्दल सनावळ्या सांगितल्या होत्या, कोणाची बायको, कोणाचा मुलगा ते सांगितलं होतं. मिनार भिंतीला चिकटलेला असणं आणि भिंतीपासून दूर उभा असणं यात इमारतीचा अख्खा स्वभाव बदलतो, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

मूठभर तुकड्यांच्या या छोट्या प्रतिकृतींना लेगोवाले 'मायक्रोस्केल' म्हणतात. यात पहिला बळी माणसाचा जातो. 1978पासून लेगोच्या डब्यांत जो हसरा पिवळा माणूस येतो तो साधारण चार सेंटीमीटर उंच असतो. त्याच्या मापाने एम्पायर स्टेट बिल्डिंग बांधायची तर ती नऊ मीटरच्या आसपास जाईल. म्हणून माणूस वगळायचा. (आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांना ही अडचण कधीच आली नाही. तिथे मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि कुणाची काही तक्रार नसते.) माणूस गेला की दारं जातात, खिडक्या जातात, जिने जातात. एक हिरवी गोल प्लेट झाड होते. उरतं ते फक्त आकाराचं म्हणणं.

ते म्हणणं प्रत्येक इमारतीपाशी असतंच असं नाही. 2008मध्ये लेगोने शिकागोचे वास्तुरचनाकार अ‍ॅडम रीड टकर यांच्यासोबत 'आर्किटेक्चर' मालिका सुरू केली, तेव्हाचा सिअर्स टॉवर फक्त 69 तुकड्यांचा होता. मला तो मालिकेतला सर्वांत चांगला संच वाटतो, आणि त्याचं निम्मं श्रेय लेगोचं नाहीच. फझलुर रहमान खान यांनी 110 मजल्यांच्या त्या मनोऱ्याची रचनाच नऊ चौकोनी नळ्यांची जुडी अशी केली होती, तीन बाय तीन. वाऱ्याला तोंड द्यायला सगळ्या नळ्या एकत्र, पण वरपर्यंत मात्र सगळ्या जात नाहीत. काही पन्नासाव्या मजल्याशी थांबतात, काही आणखी वर, शेवटी दोनच उरतात. म्हणजे ती इमारत आधीच विटांच्या भाषेत विचार करत होती. काळ्या तुकड्यांच्या पायऱ्या रचल्या की आकारासोबत आत ती कशी उभी आहे तेही हातात येतं.

याच्या उलट एम्पायर स्टेट. 2009चा संच 77 तुकड्यांचा, 2019चा 1,767 तुकड्यांचा. नव्यात दर्शनी भाग बारीक जाळीच्या फरशांनी भरून काढलाय, खाली रस्ता आहे, रस्त्यावर इवल्याशा पिवळ्या टॅक्सी आहेत. सुंदर आहे, महाग आहे, आणि बांधताना भयंकर कंटाळा येतो. एका मित्राकडे आम्ही तो बांधला, तर अर्धा वेळ एकच हालचाल चालली होती, फरशी उचला, दाबा, पुढची. प्रतिकृती म्हणून नवा संच नक्कीच अचूक आहे. पण 77 तुकड्यांच्या जुन्या संचात प्रत्येक तुकड्यामागे कोणाचा तरी निर्णय जाणवतो: इथे आत घ्यायचं, इथे नाही. नव्यात निर्णयांपेक्षा मेहनत जास्त आहे. ताजमहालाचंही तेच, 2008चा 5,922 तुकड्यांचा ताजमहाल पाहून मला पहिल्यांदा आठवण झाली ती त्यावरची धूळ कोण पुसणार याची.

आता माझ्या बाजूच्या लोकांशी भांडण. मायक्रोस्केलचे चाहते 'सहा विटांत अनंत शक्यता' हे वाक्य फार वापरतात. दोन बाय चारच्या एकाच रंगाच्या दोन विटा 24 प्रकारे जोडता येतात. सहा विटा 91,51,03,765 प्रकारे. हा दुसरा आकडा कोपनहेगन विद्यापीठाचे गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाने मोजून काढला. कंपनी त्याआधी 10,29,81,500 म्हणायची, पण त्यात फक्त सहा विटांइतके उंच मनोरे धरले होते. आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ फसवा. रोज कोड लिहिणाऱ्याला हे पटकन कळतं: शक्य असलेल्या अक्षरांच्या रांगा अगणित, त्यातल्या चालणाऱ्या प्रोग्रामच्या मोजक्या. त्या एक्क्याण्णव कोटींतल्या बहुतेक रचना म्हणजे वेडेवाकडे ढीग आहेत. त्यांतून बदक निघतं ते विटांमध्ये बदक दडलेलं असतं म्हणून नव्हे, तर बघणाऱ्याच्या डोक्यात बदक आधीपासून असतं म्हणून.

आणि इथेच मला या कलेची खरी मर्यादा दिसते. फाइल लहान करायची एक पद्धत अशी: पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे एकच शब्दकोश ठेवायचा आणि फक्त शब्दांचे क्रमांक पाठवायचे. फाइल एवढीशी होते, कारण माहिती फाइलीत नसतेच. चोवीस तुकड्यांचा ताजमहाल तसाच चालतो. मामाच्या शब्दकोशात त्या क्रमांकापुढे मकबरा लिहिलेला होता, माझ्या शब्दकोशात ताजमहाल. ज्या वास्तूंची चित्रं जगभर आधीच पोचली आहेत, त्यांनाच मूठभर विटा पुरतात. त्या मालिकेत एम्पायर स्टेट असणार, बुर्ज खलिफा असणार. ज्याचा फोटो फक्त तीन माणसांच्या फोनमध्ये आहे, त्या घराचं काय?

हे घर काही उदाहरणासाठी घेतलेलं नाही. आईचं आणि मामाचं घर, आजोबांनी बांधलेलं, चार वर्षांपूर्वी पाडलं. तिथे आता सात मजली इमारत आहे. मकबऱ्याच्या प्रसंगानंतर मी ते एकतीस तुकड्यांत करून पाहिलं: पुढे ओटा, डाव्या अंगाने बाहेरून वर जाणारा जिना, जिन्याला चार तिरके बारीक तुकडे (चाहते त्यांना 'चीज स्लोप' म्हणतात), गच्चीवर टाकीसाठी एक काळी गोल वीट. प्रमाणांवर खूप वेळ घालवला. पुढच्या वेळी मामा आला तेव्हा काही न बोलता त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने उचललं, फिरवलं, खालून पाहिलं. "हे काय आहे? पोलीस चौकी?"

मी परत घेतलं. डब्यातून एक हिरवी गोल प्लेट काढून ओट्याच्या उजव्या कोपऱ्यावर बसवली आणि पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग नखाने ती प्लेट उपटली आणि जिन्याच्या बाजूला दाबली. "लिंब इकडे होता. गच्चीवर यायच्या त्याच्या फांद्या."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काहीतरीच काय, दादा. नळाजवळ होता लिंब. उजवीकडे."

पुढचा अर्धा तास ती प्लेट इकडून तिकडे जात होती. शेवटी ती कोणाच्या तरी हातून सोफ्याखाली गेली, आणि जेवायची वेळ झाली होती.